एमपीएच प्रवेशपरीक्षा: आधी एमसीक्यू की आधी वही?

नागपुरात मेडिकल-मेयो या सरकारी कॉलेजांतली इंटर्नशिप संपवून किंवा बीडीएस, बीएएमएस, नर्सिंग करून एमपीएचकडे (सार्वजनिक आरोग्याची पदव्युत्तर पदवी) वळणारे बहुतेक जण एपिडेमिऑलॉजी (आजार लोकांत कसे पसरतात याचा अभ्यास) आणि बायोस्टॅट (आरोग्याची आकडेवारी) यांवरच अडतात. रोज मोबाइलवर १०० एमसीक्यू उडवायचे, की वहीत १०च गणितं नीट मांडायची?

पाठांतराच्या भागाला एमसीक्यूच बरे. पाण्यातला मुक्त शेष क्लोरीन लिटरला ०.५ मिलिग्रॅम, संपर्ककाळ १ तास. असले आकडे वही भरून नव्हे, पुन्हा पुन्हा विचारले गेल्यानेच टिकतात. लसीकरणाचं वेळापत्रक, डासांच्या जातीही तशाच.

गणितात मात्र पर्याय समोर असले की अंदाज चालतो, आणि तिसऱ्या फेरीला उत्तर नाही, ‘क’ हे अक्षर आठवतं. सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार घ्या, विदर्भाचा घरचाच विषय. समजा, चाचणीची सेन्सिटिव्हिटी (बाधितांपैकी किती जण पॉझिटिव्ह येतात) ९० टक्के, स्पेसिफिसिटी (बाधित नसलेल्यांपैकी किती जण निगेटिव्ह येतात) ९५. तपासले १०,०००, त्यात बाधित १,०००. खरे पॉझिटिव्ह ९००. उरलेल्या ९,०००पैकी ५ टक्के, म्हणजे ४५० खोटे पॉझिटिव्ह. पीपीव्ही, म्हणजे पॉझिटिव्ह आलेल्यांतले खरे बाधित किती, ते ९०० भागिले १,३५०, साधारण ६७ टक्के. आता बाधित १००च धरा. खरे ९०, खोटे ४९५. पीपीव्ही थेट १५ टक्क्यांवर. चाचणी तीच, बदललं फक्त प्रिव्हॅलन्स, म्हणजे लोकांतलं बाधितांचं प्रमाण. हे एकदा हाताने केलं की शब्द फिरवून विचारलं तरी चुकत नाही.

चूक होते ती तक्ता मांडताना. वर आजार, डावीकडे चाचणी, आणि बेरजेचे रकाने सगळ्यात आधी भरायचे. हे उलटलं की ९०० भागिले १,००० होतं, सेन्सिटिव्हिटीच पीपीव्ही म्हणून लिहिली जाते, आणि पेपर काढणाऱ्याने तो ९० टक्क्यांचा पर्याय मुद्दाम ठेवलेला असतो! (सिकलसेलची प्राथमिक सॉल्युबिलिटी टेस्ट वाहक आणि रुग्ण वेगळे करत नाही, पुढे इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी ही रक्तचाचणी लागते, हा मुद्दा मात्र एमसीक्यूतच पक्का होतो.)

३ महिने हातात असतील तर पहिले ५ आठवडे वही, रोज पाऊण तास, कॅल्क्युलेटरशिवाय. वेळ सकाळची, मे महिन्यात दुपारी २ ते ५ नागपुरात गणित होत नाही. मग घड्याळ लावून रोज ४० एमसीक्यू. १५च दिवस उरले असतील तर वहीचा आग्रह सोडा: स्क्रीनिंगचा तक्ता, ऑड्स रेशो, रिलेटिव्ह रिस्क (दोन गटांतल्या आजाराच्या धोक्याची तुलना करणारी मापं) एवढं मांडता येऊ द्या, बाकी एमसीक्यू.

दोन्हीकडे चुकलेले प्रश्न वेगळ्या पानावर उतरवा आणि पुढे कारण लिहा: प्रश्न चुकीचा वाचला, सूत्र चुकलं की भागाकार. पहिलं कारण वारंवार येत असेल तर आणखी गणितं सोडवून काही होणार नाही. प्रश्नातल्या ‘वगळता’, ‘नाही’ या शब्दांखाली रेघ मारायची सवय लावावी लागेल.