'कोर्ट': अंधार झाला आणि अर्धं थेटर उठलं

चैतन्य ताम्हाणेंचा 'कोर्ट' हा सिनेमा १७ एप्रिल २०१५ला लागला, आणि त्याच रविवारी मी, हे आणि नणंदबाई दुपारच्या खेळाला गेलो. तेव्हा मी सेशन्स कोर्टात स्टेनो होते. व्हेनिसच्या चित्रपट महोत्सवाची बक्षिसं, वर राष्ट्रीय पुरस्कार, त्यामुळे थेटर बऱ्यापैकी भरलेलं. वकिलांची जुगलबंदी बघायला मिळणार, या हिशोबाने लोक आलेले.

गोष्ट एवढीच: गटारात उतरून काम करणारा वासुदेव पवार मरतो. शाहीर नारायण कांबळेच्या गाण्यामुळे त्याने जीव दिला, असा खटला उभा राहतो. आणि मग तारखा. विसाव्या मिनिटाला मागून आवाज आला, "अहो, पुढे सरकवा!" लोक हसले. ह्यांचं घोरणं त्याच सुमारास सुरू झालं.

मी मात्र खुर्चीच्या कडेला. साक्षीदार मराठीत बोलतो, जज्जसाहेब त्याचं इंग्रजी करून टायपिस्टला सांगतात, आणि त्या दोन वाक्यांच्या मधे काहीतरी सांडतं. ते सांडलेलं मी कितीतरी वर्षं टाइप केलंय. पोलिसांचा पंचसुद्धा नेहमीचाच, दुसऱ्या केसमधेही तोच. आमच्याकडे अशा एकाला पट्टेवाले 'काका' म्हणायचे आणि चहा विचारायचे.

वासुदेवच्या बायकोची साक्ष तर आजही डोळ्यापुढे आहे. झुरळं बाहेर आली की आत हवा आहे असं समजून तो उतरायचा, हे ती बाजारभाव सांगावा तसं सांगते. ही बायको झालेल्या उषा बाने यांनी डोळ्यातून टिपूस काढलेलं नाही. नणंदबाई कुजबुजल्या, "हिला रडता पण येत नाही का गं?" साक्षीच्या पिंजऱ्यात खरोखर कोण रडतं, हे त्यांना तिथे कसं सांगणार?

गीतांजली कुलकर्णींची सरकारी वकील म्हणजे आमच्या लेडीज डब्यातली बाई. दिवसभर आरोपीच्या जामिनाला विरोध, संध्याकाळी मुलाला घेऊन घरी, कणीक, भाजी. कपाळावर आठी नाही, मनात वैरही नाही. परप्रांतीयांवरचं नाटक बघायला हे कुटुंब जातं तो प्रसंग तेवढा मला ठोकून बसवल्यासारखा वाटला. बचावाच्या व्होरा वकिलाला चीज, वाइन आणि जॅझ, आणि हिला ते नाटक? पारडं तिथे जरा झुकलंय. व्होरा झालेले विवेक गोम्बर स्वतः निर्माते आहेत म्हणून नव्हे, पण झुकलंय.

शेवटाकडे मे महिन्याची सुट्टी लागते. कोर्ट रिकामं होतं, एकेक दिवा बंद होतो, पडदा काळा. तो काळाच राहतो. थेटरातल्या पोऱ्याने दार उघडलं, लोक पिशव्या गोळा करून निघाले. नणंदबाई सगळ्यांत पुढे. मी ह्यांना उठवत होते म्हणून मागे राहिले, आणि पडद्यावर पुन्हा उजेड झाला. जज्जसाहेब सहलीला गेलेत. एका नातेवाइकाच्या न बोलणाऱ्या मुलासाठी नाव बदला, बोटात खडा घाला, असा सल्ला देतात. मग बाकावर डुलकी. पोरं ओरडून त्यांना दचकवतात, आणि साहेब हाताला लागलेल्या पोराला थोबाडीत ठेवून देतात. परत डोळे मिटतात.

दुसऱ्या दिवशी ऑफिसात दोन तट. एक वकीलसाहेब म्हणाले, "न्यायव्यवस्थेची बदनामी." आमचा बेलीफ म्हणाला, "बाई, ह्यात पिक्चर कुठं होता? हे तर मी रोज फुकट बघतो." दोघांनीही तिकिटाचे पैसे पाण्यात गेले म्हणून सांगितलं. नव्याने लागलेल्या एका क्लार्क मुलीने मात्र तो दोनदा पाहिला.

नणंदबाईंशी माझा वाद दोनेक वर्षं चालला. "शेवटच नाही त्याला," हे त्यांचं पालुपद. एका दिवाळीत मी म्हटलं, "थोबाडीत मारतो ना शेवटी!" त्या म्हणाल्या, "कोण? कोणाला?"

मग लॅपटॉप काढला आणि त्यांना ती शेवटची मिनिटं दाखवली. बघून झाल्यावर त्या बराच वेळ गप्प. मी चहा टाकायला उठले तर म्हणाल्या, "चहा राहू दे. ते अंधाराच्या आधीपासून लाव बघू."