टूर ऑफ कतार भारी की यूएई टूर?
दोन्ही वाळवंटातल्याच सायकल रेस, पण स्वभाव एकदम वेगळा. कतारमध्ये (2002 ते 2016) चढ असा नाहीच, सगळा खेळ आडव्या वाऱ्याचा, वारा बाजूने आला की रायडर तिरकी रांग करून एकमेकांच्या आडोशाला घुसतात आणि त्या रांगेत ज्याला जागा मिळाली नाही तो रस्त्याच्या कडेला अडकून गेलाच मागे, म्हणून तर टॉम बूनेनसारखा दणकट गडी तिथे 4 वेळा जिंकला. यूएई टूर 2019 पासूनची, वारा तिथेही आहे, पण निकाल बहुतेकदा जेबेल हफीत डोंगराच्या सुमारे 11 किमी चढावर लागतो, पोगाचार तिथेच दम दाखवून तीनदा जिंकलाय. मला विचाराल तर कतारच, पहिल्या किलोमीटरपासून नजर हटवता यायची नाही, बंद पडली याचं खरंच वाईट वाटतं.