हिप रिप्लेसमेंटनंतर घरी येणाऱ्या फिजिओ मॅडम (कोथरूड, पुणे), आईचा अनुभव

आईचं उजव्या बाजूचं हिप रिप्लेसमेंट, म्हणजे खुब्याचा सांधा बदलायचं ऑपरेशन झालं, ऑपरेशन व्यवस्थित झालं, हॉस्पिटलमध्ये वॉकर धरून लगेच चालवलंही, पण खरं काम डिस्चार्जनंतर सुरू होतं. आधी एका सेंटरला नेत होतो, तिथे मांडीला मशीनचे पॅड लावायचे, पडून राहायचं, झालं सेशन. जरा चालून दाखवा असं कुणी म्हणालंच नाही! मग या मॅडमना लावलं.

आल्या आल्या त्यांनी आधी घर बघितलं. बाथरूमसमोरचं पायपुसणं उचलायला लावलं, कमोडला उंच सीट बसवायला सांगितली, दिवाणावर आई बसली की गुडघे कमरेच्या वर जात होते तर म्हणाल्या, "काकू, इथे अजिबात बसायचं नाही." आईचं ऑपरेशन मागच्या बाजूने केलंय, त्यात सुरुवातीचे काही आठवडे कमरेत ९० अंशांच्या पुढे वाकणं, पायावर पाय टाकणं, पाय आत वळवणं बंद, नाहीतर सांधा निखळू शकतो. हे डिस्चार्जच्या कागदावर होतंच, पण खाली पडलेली चप्पल उचलताना, पाटावर बसून पूजा करताना नेमकं तेच होतं हे त्यांनी करून दाखवलं. आता आमचे देव टेबलावर आलेत.

व्यायाम साधेच. रक्ताची गुठळी होऊ नये म्हणून झोपल्या झोपल्या पाऊल वरखाली करायचं, मग ओटा धरून पाय बाजूला उचलायचा. आई एका बाजूला झुकून चालायची, त्याचं कारण कुल्ल्याच्या बाजूचे स्नायू कमजोर झालेत हे मॅडमनी तिच्या चालण्याचा व्हिडिओ काढून तिलाच दाखवलं, त्यानंतर तो पाय उचलायचा व्यायाम आई कुणी न सांगता करायला लागली. काठी डाव्या हातात, म्हणजे ऑपरेशनच्या उलट्या बाजूला, घरातले सगळे उजव्या हातात दे म्हणत होते! जिना चढताना चांगला पाय आधी, उतरताना ऑपरेशनचा.

फी व्हिजिटला ७०० रुपये, मशीनबिशीन काही नाही. वेळेचा मात्र घोळ आहे, पाचची वेळ देऊन साडेसहाला येतात, पेशंट ताटकळतो, हे सुधारायलाच हवं. पण आई आता काठी घेऊन खाली भाजी आणायला जाते, सोबत मी असते. ज्यांच्या घरी ऑपरेशन ठरलंय त्यांनी डिस्चार्जच्या आधीच यांना बोलावून घर दाखवून घ्या.