टेली-मानस १४४१६: लैंगिक अत्याचार सोसलेल्या पुरुषाला किती कामाची?

कोल्हापुरात गड्याच्या डोळ्यांत पाणी आलं की 'बाईगत काय रडतोस' हे ठरलेलं. मग लहानपणी नात्यातल्या किंवा ओळखीतल्या मोठ्या माणसानं केलेली जबरदस्ती पंधरा-वीस वर्षं पोटातच राहते. बाहेर येते ती भलत्याच रूपात: झोप उडणं, दारू, बारक्या गोष्टीवरून डोकं फिरणं, बायकोनं हात लावला तरी अंग चोरणं. सीपीआर या सरकारी रुग्णालयाच्या मनोविकार ओपीडीत जावं, तर रांगेत पेठेतलं कुणीतरी भेटेल ही धास्ती. तोंड न दाखवता बोलता येतं, हा टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या फोन हेल्पलाइनचा आमच्या लेखी सगळ्यात मोठा गुण.

केंद्र सरकारची ही मोफत सेवा १० ऑक्टोबर २०२२ पासून चोवीस तास सुरू आहे. १४४१६ लावायचा, मराठी निवडायची. आधी प्रशिक्षित समुपदेशक बोलतो. गरज असेल तर पुढे तज्ज्ञाशी जोडून देतात किंवा जवळच्या सरकारी रुग्णालयात पाठवतात.

गाडी अडते ती पहिल्या दोन मिनिटांत. माणूस म्हणतो, 'झोप लागत नाही, टेन्शन आहे.' समुपदेशक झोपेचे उपाय सांगतो, फोन संपतो, आणि 'काही उपयोग नाही' असं मनात पक्कं बसतं. म्हणून फोनआधी कागदावर लिहून घ्या: 'लहानपणी माझ्यावर लैंगिक अत्याचार झालाय. तपशील आत्ता सांगायचा नाही. झोप आणि राग यासाठी मदत हवी.' एवढं वाचून दाखवलं तरी पुरे. पुरुषाशी बोलायचं की बाईशी, हेही तेव्हाच सांगून बघा. मिळेलच याची खात्री नाही. घरात एकांत नसेल तर भल्या सकाळी रंकाळ्याच्या काठावर बसा, संध्याकाळच्या गर्दीत नको. अर्धा तास मोकळा ठेवा आणि लगेच कामावर जायचं ठरवू नका. बोलताना छाती धडधडली तर थांबा, पाय जमिनीवर टेकवा, दिसणाऱ्या पाच वस्तूंची नावं मोठ्यानं घ्या. समोरचा वाट बघतो.

सगळ्यात खोल रुतलेली लाज वेगळीच असते: 'त्या वेळी माझ्या शरीरानं साथ दिली.' ताठरता किंवा वीर्यस्खलन ही स्पर्शाला शरीरानं दिलेली प्रतिक्षिप्त क्रिया आहे, भीतीतही होते. तिचा संमतीशी संबंध नाही. जागच्या जागी थिजणं हीसुद्धा तशीच क्रिया, म्हणून 'विरोध का नाही केलास' हा प्रश्नच चुकीचा. कुणी तो विचारलाच, तर फोन ठेवा आणि पुन्हा लावा, दुसरा समुपदेशक मिळू शकतो. 'हे माझ्याच वाट्याला का' असं वाटणाऱ्यांसाठी एक आकडा: केंद्र सरकारच्या २००७ च्या बाल अत्याचार अहवालात लैंगिक अत्याचार झाल्याचं सांगणाऱ्या बालकांत ५२.९४ टक्के मुलगे होते.

सेवेची मर्यादाही स्पष्ट आहे. ती खास या विषयाची नाही, आणि दर वेळी तोच माणूस भेटेलच असं नाही. ओळख वाढत जाऊन होणारा उपचार इथं होत नाही. त्यासाठी मानसोपचारतज्ज्ञ किंवा भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी असलेला क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट गाठावा. चांगला उपचारक आधी झोप, श्वास, दारू यावर काम करतो. पहिल्याच बैठकीत सगळं सविस्तर सांगायला लावत असेल तर दुसरा बघा. औषध दिलं तर गुण यायला साधारण ४ ते ६ आठवडे लागतात. बरं वाटलं म्हणून मनानं बंद करू नका. उपचाराची माहिती गुप्त राहण्याचा हक्क २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानं दिला आहे.

कायद्याचं थोडं गुंतागुंतीचं आहे. २०१२ चा पोक्सो, म्हणजे बालकांचं लैंगिक अत्याचारांपासून संरक्षण करणारा कायदा, मुलगा-मुलगी भेद करत नाही, आणि मूल अजून १८ च्या आत असेल तर ज्याला कळलं त्यानं पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. मुलाच्या वतीनं फोन करणाऱ्या आईबापांनी हे आधीच जाणून असावं. प्रौढ पुरुषाची बाजू मात्र लंगडी झाली आहे: १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत जुन्या दंड संहितेतल्या कलम ३७७ ची (पुरुषावरची लैंगिक जबरदस्ती ज्यात गुन्हा ठरायची) जागा घेणारं कलमच नाही. तक्रार करायची की नाही हे ठरण्याआधी १५१०० या विधी सेवेच्या क्रमांकावर मोफत सल्ला घ्या.

घटना ताजी असेल तर मात्र फोनपासून सुरुवात नको, थेट सरकारी रुग्णालय गाठा. एचआयव्ही रोखणारी गोळी ७२ तासांच्या आत सुरू करावी लागते, जितकी लवकर तितकी चांगली, आणि २८ दिवस रोज घ्यावी लागते. अंघोळ न करता जा. अंगावरचे कपडे कागदी पिशवीत घ्या. प्लास्टिकमध्ये ओल धरून पुरावा खराब होतो.