सीएच३४० वाला नॅनो: आठ महिने वापरल्यावर

गेल्या आठवड्यात माझा नॅनो, म्हणजे प्रोग्राम टाकून चालवायचा अर्डुइनो जातीचा छोटा बोर्ड, कॉम्प्युटरला दिसेनासा झाला. त्यावरची सीएच३४० ही चिप यूएसबीवरून कॉम्प्युटरशी बोलते. पॉवरचा दिवा लागलेला, आधी टाकलेला प्रोग्रामही चालू, पण आयडीईत, म्हणजे प्रोग्राम लिहून बोर्डावर टाकायच्या सॉफ्टवेअरमध्ये, पोर्टचं नावच नाही. मी थेट ड्रायव्हरच्या, म्हणजे कॉम्प्युटरला ती चिप वापरू देणाऱ्या सॉफ्टवेअरच्या, मागे लागलो. काढला, टाकला, मशीन रीस्टार्ट केलं, परत टाकला. अख्खी संध्याकाळ गेली आणि दोष निघाला केबलचा. नेहमीची सापडली नाही म्हणून ड्रॉवरमधली उचलली होती.

चिडून ती केबल मधोमध कापली. आत लाल आणि काळी, एवढ्या दोनच तारा. डेटाच्या हिरव्या-पांढऱ्या तारा नव्हत्याच! बाहेरून जाडी तीच, प्लग तोच. ‘फक्त चार्जिंग’ हे दोन शब्द केबलवर छापायला काय जातं? बोर्डाला वीज मिळते, दिवा लागतो, आणि माणूस भलतीकडेच शोधत बसतो. घरातल्या सगळ्या केबल मी त्याच रात्री तपासल्या. डेटा नेणाऱ्या केबलींना लाल दोरा बांधलाय.

ड्रायव्हर नसला तरी विंडोजच्या डिव्हाइस मॅनेजरमध्ये काहीतरी उगवतंच, पिवळ्या त्रिकोणासकट. त्याचा हार्डवेअर आयडी उघडा. १ए८६ आणि ७५२३ दिसले की चिप सीएच३४० समजा. पण प्लग लावल्यावर आवाज नाही आणि यादीत एक ओळही वाढत नाही, तर ड्रायव्हरला हात लावू नका. आधी केबल बदला.

पहिल्या महिन्यात हा बोर्ड टाकाऊ आहे असं मी दोघातिघांना सांगितलं होतं. ते मागे घेतो. तेव्हा अपलोड करताना दहाच्या दहा प्रयत्नांत ‘नॉट इन सिंक’ ही एरर यायची. बोर्डावर जुना बूटलोडर (नवा प्रोग्राम उतरवून घेणारा छोटा प्रोग्राम) होता, तो ५७६०० च्या वेगाने बोलतो; आयडीई ११५२०० ने बोलत होती. प्रोसेसरच्या मेनूत ‘ओल्ड बूटलोडर’ निवडलं आणि पहिल्या फटक्यात अपलोड झालं.

चौथ्या महिन्यात मात्र ड्रायव्हरच दोषी होता. अपडेटनंतर पोर्ट दिसायचं, पण उघडायचं नाही. प्रॉपर्टीजमधून रोल बॅक केलं, म्हणजे आधीचा ड्रायव्हर परत आणला, सुरळीत झालं. तेव्हापासून चालणाऱ्या ड्रायव्हरची प्रत जपून ठेवलीय. शंका आली की मी रीसेट पिन ग्राउंडला जोडतो, टीएक्स आणि आरएक्स (डेटा पाठवायची आणि घ्यायची पिन) एका वायरने जोडतो आणि आयडीईतल्या सिरियल मॉनिटरमध्ये काहीही टाइप करतो. अक्षरं तशीच परत आली तर केबल, ड्रायव्हर आणि यूएसबी चिप तिन्ही ठीक. मग दोष पुढे शोधायचा.

लिनक्सवर ड्रायव्हर कर्नलमध्येच, म्हणजे सिस्टिमच्या गाभ्यातच असतो, फक्त पोर्ट वापरायच्या परवानगीसाठी युजरला बहुधा ‘डायलआउट’ गटात घालावं लागतं. उबुंटू २२.०४ वर पोर्ट क्षणभर येऊन गायब होत असेल तर ब्रेल डिस्प्लेसाठीचा ‘बीआरएलटीटीवाय’ हा प्रोग्राम ते पकडतोय. त्याच्या यादीत हाच आयडी आहे. त्या मशीनवर कुणी ब्रेल डिस्प्ले वापरत नाही ना, हे विचारूनच तो काढा.

एक तक्रार उरलीच. या चिपला स्वतःचा वेगळा सिरियल नंबर नाही, त्यामुळे यूएसबीचं सॉकेट बदललं की विंडोज पोर्टला नवा कॉम नंबर देतं. माझा बोर्ड आता कायम डावीकडच्या एकाच सॉकेटमध्ये असतो.