राजारामपुरीतील स्पॅनिशचा वर्ग : नकारार्थी आज्ञार्थाचा धडा

कोल्हापुरातील राजारामपुरीत संध्याकाळी भरणाऱ्या एका लहानशा खासगी वर्गात मी स्पॅनिश शिकत आहे. भाषेच्या वर्गाचा कस क्रियापदांपाशी लागतो, म्हणून येथे नियमित क्रियापदांच्या नकारार्थी आज्ञार्थाचा धडा कसा शिकवला गेला, एवढ्यापुरतेच लिहितो.

मॅडमनी प्रत्ययांचा तक्ता पाठ करायला न लावता वर्तमानकाळातील प्रथमपुरुषी 'आब्लो', म्हणजे 'मी बोलतो', हे रूप फळ्यावर लिहिले, त्यातला शेवटचा 'ओ' पुसला आणि तेथे 'एस' जोडून 'नो आब्लेस', म्हणजे 'बोलू नकोस', तयार करून दाखवले. 'आर'कारान्त, म्हणजे मूळ रूप 'आर'ने संपणाऱ्या ('आब्लार'सारख्या) क्रियापदांना 'ए' आणि 'एर' व 'ईर'कारान्तांना 'आ', ही स्वरांची अदलाबदल ध्यानात आल्यावर 'नो कोमास' (खाऊ नकोस) आणि 'नो एस्क्रीबास' (लिहू नकोस) ही रूपे विद्यार्थ्यांनी स्वतःच सांगितली. आपल्याकडे 'बोलू' तसेच राहते आणि 'नकोस', 'नका' असा बदल नकारात होतो. स्पॅनिशमध्ये 'नो' जागचा हलत नाही, बदलते ते क्रियापद. ही तुलना आधीच केल्यामुळे होकारार्थी 'आब्ला'पुढे ('बोल'पुढे) नुसता 'नो' लावण्याची हमखास होणारी चूक वर्गात क्वचितच झाली, आणि याचे श्रेय मी निःसंशय शिकवण्याच्या पद्धतीला देतो.

सर्वनामांचा भाग तर फारच चांगला झाला. महाद्वार रोडवरील चपलांच्या दुकानातला संवाद रचून एकाने 'कोंप्रालास' (त्या विकत घे) म्हणायचे आणि दुसऱ्याने लगेच 'नो लास कोंप्रेस' (त्या घेऊ नकोस) म्हणून अडवायचे, असा सराव होता. होकारात क्रियापदाला मागून चिकटणारे 'लास' नकारात सुटे होऊन पुढे येते, हे त्यातून कानालाच समजले.

उणीव छापील टिपणांत आहे. 'तोकार'चे (स्पर्श करणे) 'नो तोकेस' करताना 'क'चा उच्चार टिकावा म्हणून 'सी'ऐवजी 'क्यू-यू' लिहावे लागते, हा लेखनाचा नियम त्यांत नाही. स्पेनमध्ये अनेकांशी सलगीने बोलताना वापरले जाणारे 'नो आब्लेइस' हे रूपही गाळले आहे. लॅटिन अमेरिकेत 'नो आब्लेन'वर (बोलू नका) काम भागते, पण स्पेनला शिकायला जाणाऱ्याला ते पुरणार नाही. ही भर टिपणांत घालावी, अशी माझी आग्रहाची विनंती आहे. वर्तमानकाळ पक्का असलेल्यांनी येथे जरूर प्रवेश घ्यावा. अगदी नवख्यांनी मात्र आधी प्राथमिक तुकडी पूर्ण करावी.