क्वालिटी चेकवाला आला आणि मी ओटीपी देऊन बसलो

गोव्यात डिचोलीतलं आमचं घर चिऱ्याचं, वर 900 चौरस फुटांची स्लॅब. देवघराच्या कोपऱ्यात तीन पावसाळे ओल येत होती. एका चतुर्थीला माटोळी, म्हणजे गणपतीच्या वर टांगायची फळा-नारळांची चौकट, बांधायला स्टुलावर चढलो आणि छताचा पोपडा सुटून थेट नारळांच्या पेंडीवर पडला. आई काही बोलली नाही, पण त्या दिवशी ठरलं की वॉटरप्रूफिंग करायचंच.

गेल्या वर्षी एप्रिलमध्ये काम दिलं. चौरस फुटाला 95 रुपये, म्हणजे 85,500. पैकी 75,000 टप्प्याटप्प्याने दिले. उरलेले 10,500 पहिला पाऊस बघून देईन असं ठरलं, अर्थात तोंडी. चार दिवसांत गच्ची पांढरीशुभ्र झाली. डोळे दिपत होते बघताना.

सहाव्या दिवशी फोन आला. ‘सर, क्वालिटी डिपार्टमेंटमधून बोलतोय. तुमच्या कामाची मोफत तपासणी आहे.’ कामाची तारीख, क्षेत्रफळ, दिलेली रक्कम, सगळं त्याला पाठ. मला बरंच वाटलं. काम झाल्यावर विचारायला येतं कोण आजकाल? बायको मात्र म्हणाली, ‘ज्यांनी काम केलं तेच तपासणार?’ मी तिला गप्प केलं. ते वाक्य नंतर वर्षभर ऐकतोय.

आलेला मुलगा नम्र होता. चपला बाहेर काढून आत आला. गच्चीवर तीनेक मिनिटं, त्यात निम्मा वेळ फोटोंत, आणि एका फोटोत मलाही उभं केलं. मग खाली देवघरात येऊन त्याने खिशातून दोन टोकदार सुया असलेलं मीटर काढलं आणि भिंतीच्या तळाशी टोचलं. ते ओरडायला लागलं. आकडा लाल. ‘सर, वरचं काम परफेक्ट आहे. पण स्लॅबच्या पोटात जुनी ओल अडकली आहे. ती इंजेक्शनने बंद नाही केली तर वरचं कोटिंग फुगेल.’ भिंतीच्या तळाशी सुया टोचून स्लॅबच्या पोटातलं कसं कळलं, हे विचारायचं मला सुचलं नाही. लाल आकड्यापुढे माणूस मुकाट होतो.

इंजेक्शनचे 38,000, आगाऊ 15,000. शिवाय ‘चेक पास झाल्याशिवाय वॉरंटी कार्ड निघत नाही, आणि बाकी जमा झाल्याशिवाय सिस्टीममध्ये चेक पास होत नाही.’ म्हणून राखून ठेवलेले 10,500 सुद्धा गेले. मोबाइलवर ओटीपी आला. ‘व्हिजिट झाल्याचा आहे सर.’ मेसेज इंग्रजीत होता आणि चष्मा आत राहिला होता. सांगितला.

त्या मेसेजमध्ये काय होतं ते जूनमध्ये वाचलं: काम पूर्ण झालं असून ग्राहक समाधानी आहे.

मे महिन्यात दोन मुलं आली. घरातून छताला बारा छिद्रं पाडली, पांढरं काहीतरी भरलं आणि गेली. जूनच्या दुसऱ्या आठवड्यात पाऊस लागला तो गोव्यात लागतो तसाच. दुसऱ्याच रात्री त्या बारांपैकी सात छिद्रांतून टिपटिप सुरू झाली. आधी ओल होती, आता धार. कळशी, टोप, शेवटी मोदकपात्रही खाली लावलं.

कंत्राटदाराने फोनवर आधी ओटीपीची आठवण करून दिली. मग वॉरंटी कार्डावरची अट वाचून दाखवली: स्लॅबला छिद्र पाडल्यास हमी रद्द. ‘पण छिद्रं तुमच्याच माणसाने पाडायला सांगितली!’ ‘तो आमचा नाही, ती वेगळी एजन्सी.’ मग माझा नंबर आणि हिशेब त्या एजन्सीला कुणी दिला? फोन कट.

बायकोचे मामा सरकारी बांधकामावर ओव्हरसियर होते. पावसाळा सरल्यावर त्यांना बोलावलं. मी मीटरबद्दल सांगितलं तर हसले. ‘मीटर कित्याक? उदक घाल आनी राव.’ म्हणजे मीटर कशाला, पाणी घाल आणि थांब. पन्हाळींच्या तोंडांना बोळे मारले, कडेने दोन इंच पाणी उभं केलं आणि कठड्याच्या भिंतीवर पेन्सिलने रेघ मारली. पाणी 48 तास ठेवायचं आणि खाली छत बघत राहायचं. त्याआधी स्लॅबच्या तडे-सळ्या मात्र नीट पाहिल्या, कारण दोन इंच पाणी म्हणजे दर चौरस मीटरला सुमारे 50 किलो वजन. आम्हाला 48 तास लागलेच नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळीच पन्हाळीच्या बुडाशी डाग उमटला. मामांनी तिथलं कोटिंग नखाने ओढलं तर सायीसारखं निघून आलं. कठडा आणि स्लॅब मिळतात तिथे सिमेंटचा वाटा, म्हणजे कोपऱ्यातली गोलाई, भरायला हवा होता. तो भरलेलाच नव्हता, नुसता ब्रश फिरवला होता. ही परीक्षा एप्रिलमध्ये, 10,500 हातात असताना करायची होती.

मीटरचं गौडबंगालही माझ्या मुलाने उलगडलं. तसलंच एक स्वस्तातलं ऑनलाइन मागवून दिवसभर उन्हात तापणाऱ्या कंपाउंडच्या भिंतीला टोचलं, जिथे लोणा, म्हणजे पांढरे क्षार, फुटलाय तिथे. तेही ओरडलं. सुयांमधून जाणाऱ्या विजेला किती अडथळा होतो एवढंच ते मोजतं. ओल असो की क्षार, आकडा चढतोच. त्यातून आकड्यांची पट्टी बहुधा लाकडासाठी बेतलेली असते. प्लास्टरवर तो आकडा म्हणजे फार तर अंदाज.

मी 1915 या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली. इंजेक्शनचे 15,000 परत आले. फोटो आणि बँकेची नोंद जपली होती म्हणून. गच्चीच्या पैशांसाठी जिल्हा ग्राहक आयोगात अर्ज केलाय. 5 लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी लागत नाही, आणि मुदत दोन वर्षांची असते हे तिथे कळलं. समोरच्या वकिलाचं सगळं म्हणणं त्या ओटीपीभोवती फिरतंय. तो ‘समाधानी ग्राहक’ म्हणतो तेव्हा बायको माझ्याकडे बघते.

यंदा मार्चमध्ये गावातल्याच मेस्त्रीकडून पुन्हा काम करून घेतलं. वाटे भरले, छिद्रं बंद केली. पाण्याची परीक्षा होईपर्यंत पाव रक्कम आपल्याकडे, हे या वेळी कागदावर लिहून घेतलं. मेस्त्री म्हणाला, ‘दोन नाही, तीन दिवस ठेवा.’ तीन दिवस गच्चीवर कावळे येऊन आंघोळ करत होते, आणि आई खाली देवघरात खुर्ची टाकून छताकडे बघत बसली होती.